लघुप्रतिकृतीचा रंग आणि चित्रातला घोडा

लघुप्रतिकृतीवर एअरब्रशने दिलेला रंग गुळगुळीत बसावा, ही अपेक्षा वरकरणी निव्वळ कारागिरीची आहे. थर सगळीकडे सारखा हवा. ब्रशच्या रेघा, दाणे, ओघळ, अडकलेली धूळ यांपैकी काहीच दिसता कामा नये. पण हा गुळगुळीतपणा कशासाठी, असे विचारले की प्रश्न कारागिरीपाशी थांबत नाही. खऱ्या विमानाचे अंग नितळ नसते. त्यावर रिवेटांच्या रांगा असतात, पत्र्याला किंचित पोचे आलेले असतात, उन्हाने रंग विटलेला असतो, इंधनाचे डाग पडलेले असतात. मग त्याच्या प्रतिकृतीचा पृष्ठभाग मूळ वस्तूहूनही नितळ का करावा लागतो? एक वस्तू दुसरीसारखी आहे असे म्हणताना नेमके काय म्हटले जाते, हा सादृश्याचा प्रश्न भारतीय आणि ग्रीक दोन्ही परंपरांनी फार पूर्वी हाती घेतला. रंगाच्या थराशी तो जितका उघडपणे भिडतो तितका क्वचितच कुठे भिडत असेल.

उदाहरण म्हणून मिग-२१ घेता येईल. १९६३ मध्ये हे विमान भारतीय हवाई दलात आले. त्याच्या उत्पादनासाठी नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये कारखाना उभा राहिला आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढला त्याला निरोप देण्यात आला. त्याच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. १:७२ या प्रमाणात, म्हणजे मूळच्या बहात्तराव्या हिश्श्यात, तो दहा सेंटीमीटरांहून किंचित कमी भरतो. पंखाची लांबी, शेपटीचा कोन, चाकांमधले अंतर ही सगळी मापे बहात्तराने भागता येतात आणि चांगला साचा ती बऱ्यापैकी अचूक पाळतो. अडचण रंगापाशी येते. विमानावरचा रंगाचा थर अस्तरासकट सुमारे शंभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग धरला, तर त्याला बहात्तराने भागून उरतात जेमतेम १.४ मायक्रॉन. पांढऱ्या रंगातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा एकेक कणच पाव मायक्रॉनच्या आसपास असतो. एवढ्या पातळ थराने खालचे प्लास्टिक झाकले जाणार नाही. झाकायचे तर थर त्याच्या कितीतरी पट जाड द्यावा लागतो. याचा अर्थ असा की आकारात प्रमाण पाळणारी प्रतिकृती रंगात ते पाळूच शकत नाही.

यामागचे कारण गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या दोन नव्या शास्त्रांवरील ग्रंथात मांडले होते. आकार लहानमोठा करता येतो, पण द्रव्य त्याच्याबरोबर बदलत नाही. प्राणी मोठा झाला तर त्याची हाडे त्याच प्रमाणात वाढवून भागत नाही, कारण वजन घनाच्या हिशेबाने वाढते आणि हाडाचे बळ वर्गाच्या. लहान करतानाही हेच घडते. विमान बहात्तर पटींनी लहान केले तरी रंगाचा कण, थिनरचा थेंब, हवेतली धूळ, थेंबाला गोल ठेवणारा पृष्ठताण आणि प्रकाशाची तरंगलांबी आहे तशीच राहते. प्रतिकृतीत म्हणून दोन मापे एकत्र नांदत असतात, आकाराचे बहात्तरावे आणि द्रव्याचे मूळचे. पृष्ठभागावर ही दोन मापे एकमेकांवर आदळतात.

ही टक्कर डोळ्याला कशी दिसते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. कपड्यातून सुटलेला एक तंतू, तीन मिलिमीटर लांब आणि वीस मायक्रॉन जाड, ओल्या रंगावर पंखाच्या मधोमध बसला. रंग वाळताना तो थराखाली गेला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रंगाची बारीक कड उचलली गेली. समोरून पाहता तो जवळजवळ दिसत नाही. पंख दिव्याकडे तिरका धरला की मात्र एक वळणदार उंचवटा आणि त्याची सावली उमटते. विमानाच्या मापात हा तंतू साडेएकवीस सेंटीमीटर लांब आणि दीड मिलिमीटर जाड होतो. कोणत्याही विमानतळावर पंखाच्या रंगाखाली अशी दोरी सापडणार नाही. ज्याने मिग-२१ कधी पाहिले नाही तोही त्या क्षणी ओळखतो की हा रंगवलेला प्लास्टिकचा तुकडा आहे. ब्रशच्या रेघा, दाणे, थेंबांच्या खळग्यांनी झालेली ऑरेंज पील, या साऱ्यांचा दोष हाच आहे. त्या कुरूप आहेत म्हणून खटकत नाहीत. त्या द्रव्याचे खरे माप बोलून दाखवतात, म्हणून खटकतात.

प्लेटोने ‘सोफिस्ट’ या संवादात अनुकरणाचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एका प्रकारात कारागीर मूळ वस्तूची मापे आणि रंग जसेच्या तसे राखतो. दुसऱ्यात तो पाहणाऱ्याला वस्तू योग्य दिसावी म्हणून मापे बदलतो. भव्य शिल्पांत वरचे भाग दुरून लहान दिसतात, म्हणून शिल्पकार ते मुद्दाम मोठे घडवतो. मोजायला गेले तर शिल्प चुकीचे निघते, पाहायला गेले तर बरोबर. प्लेटोचा ओढा पहिल्या प्रकाराकडे होता आणि दुसऱ्यावर त्याचा आभासाचा ठपका होता. लघुप्रतिकृती या विभागणीपुढे पेच उभा करते. आकारात ती पहिल्या प्रकारची आहे, मोजपट्टी लावून तपासता येते. रंगात तिला दुसऱ्या प्रकारची झाल्यावाचून गत्यंतर नाही, कारण मोजमापाने खरा असा थर या जगात देताच येत नाही. प्लेटोच्या शिल्पकाराला निवड करता येत होती. तो मापे पाळू शकत होता, पण पाळत नव्हता. प्रतिकृती रंगवणाऱ्याला ती मुभा द्रव्याच्या स्वभावानेच नाकारली आहे. म्हणून त्याच्या कामाला आभासाचा ठपका लागू होत नाही, असे मानायला चांगला आधार आहे. जिथे मापाचे सत्य उपलब्धच नसते, तिथे दिसण्याचे सत्य शोधणे ही फसवणूक ठरत नाही.

आता हे दिसण्याचे सत्य हाताने कसे साधले जाते ते पाहू, कारण तत्त्वचर्चेतल्या पुढच्या बऱ्याच गोष्टी या कृतीत आधीच घडून जातात.

कामाची सुरुवात रंगाच्या कितीतरी आधी होते. सांधे पुट्टीने भरून वॉटर पेपरने घासले जातात, आधी चारशे नंबरने, मग सहाशे, हजार असे चढत. नंतर भाग साबणाच्या पाण्याने धुतला जातो, कारण बोटांचे तेल आणि साच्यातून सुटण्यासाठी लावलेला पदार्थ राहिला तर रंग तिथे धरत नाही. त्यावर प्रायमरचा पातळ हात. प्रायमरची राखाडी छटा दोन कामे करते: रंगाला पकड देते आणि घासताना राहिलेला प्रत्येक ओरखडा उघडा पाडते. अनुभवी माणूस या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ घालवतो आणि त्यात त्याचे बरोबर असते. वरचा रंग खालच्या पृष्ठभागाला लपवतो ही समजूत चुकीची आहे. पातळ थर खाली जे असेल तेच पुन्हा सांगतो.

मग रंग पातळ करणे. थिनरचे प्रमाण रंगाच्या जातीवर अवलंबून असते. लॅकर रंगात बहुधा रंगाइतके किंवा त्याच्या दुप्पट थिनर लागते. खूण अशी की कपाच्या कडेवर चढवलेला रंग पारदर्शक पदर मागे ठेवत सरळ खाली यावा, त्याचे थेंब थबकून राहू नयेत. ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरचे नॉझल, १५ ते २० पीएसआय दाब आणि पृष्ठभागापासून पाच-दहा सेंटीमीटर अंतर ही सर्वसाधारण मापे झाली. दुहेरी खटक्याच्या एअरब्रशमध्ये खटका खाली दाबला की हवा सुटते आणि मागे ओढला की सुई मागे सरून रंग सुटतो. हवा आधी सुरू करायची, हात हलता ठेवायचा, प्रतिकृतीच्या बाहेर रंग सोडायला सुरुवात करायची आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच तो थांबवायचा. हात एका जागी रेंगाळला तर तिथे तळे साचते.

खरी कसोटी थेंब पृष्ठभागावर पडल्यानंतरच्या काही क्षणांत लागते. नॉझलमधून निघालेले असंख्य बारीक थेंब एकमेकांत मिसळून सलग ओला पदर झाला पाहिजे आणि मगच थिनर उडून गेले पाहिजे. पदर सपाट करण्याचे काम पृष्ठताण करतो; उंचवटे खाली ओढतो, खळगे भरतो. त्याला तेवढी सवड मिळाली नाही, म्हणजे रंग घट्ट असला, अंतर जास्त झाले किंवा दाब फार झाला, तर थेंब वाटेतच वाळू लागतात आणि प्रत्येक थेंब आपापल्या आकारात गोठतो. यालाच खरखरीत फिनिश म्हणतात. सवड जास्त मिळाली, थर जाड पडला, तर तोच पृष्ठताण रंगाला धारदार कडांवरून मागे ओढतो आणि कोपऱ्यांत साठवतो, आणि गुरुत्वाकर्षण ओघळ काढते. म्हणून आधी दोन-तीन विरळ हात आणि शेवटी एक ओलसर हात, ज्याची चमक काही सेकंद टिकून मग मंदावते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात लॅकर फवारला तर आणखी एक गोष्ट घडते: थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी झाक धरते. सावकाश उडणारे थिनर मिसळणे किंवा कोरड्या दिवसाची वाट पाहणे हाच त्यावरचा उपाय.

या सगळ्या वर्णनात तत्त्वचर्चेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की गुळगुळीतपणा हाताने घासून आणलेला नसतो. द्रव्याच्या ज्या गुणामुळे प्रमाण बिघडते, त्याच गुणाला काम करू दिले की पृष्ठभाग सपाट होतो. कारागीर फक्त ती वेळ आणि ती जागा मिळवून देतो.

बारीक थेंबांनी छटा उभी करण्याची कल्पना या देशाला नवी नाही. ‘विष्णुधर्मोत्तर’ पुराणातल्या चित्रसूत्रात वर्तनेचे, म्हणजे छटा देऊन उठाव आणण्याचे, तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतली बिंदुवर्तना ठिपक्यांनी साधली जाते. एअरब्रशचा उगम मात्र १८७० च्या दशकातल्या अमेरिकेतला, आणि त्याचा आरंभीचा मोठा उपयोग छायाचित्रांवर हात फिरवण्याचा. दोघांत ऐतिहासिक धागा नाही, तरी बोध एकच आहे: ठिपका दिसेनासा होईल इतका लहान झाला की छटा दिसू लागते. ‘कामसूत्रा’वरील ‘जयमंगला’ टीकेत यशोधराने चित्राची जी सहा अंगे दिली आहेत त्यांत प्रमाण, सादृश्य आणि वर्णिकाभंग अशी तीन अंगे वेगवेगळी मोजली आहेत. मापे, साम्य आणि रंगाची हाताळणी या तिन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत, एक साधली म्हणून दुसरी आपोआप साधत नाही, ही त्यामागची जाण लघुप्रतिकृतीला तंतोतंत लागू पडते. प्रमाण अचूक असूनही वर्णिकाभंग फसला तर सादृश्य हातचे जाते.

पण सादृश्य म्हणजे काय? नैयायिकांनी दिलेले लक्षण असे की एखाद्या वस्तूहून वेगळे असूनही तिचे बहुसंख्य धर्म अंगी असणे. मुखचंद्राच्या उपमेपुरते हे पुरते. प्रतिकृतीच्या बाबतीत ते अपुरे पडते. दहा सेंटीमीटरच्या पंखावर शेकडो मापे बरोबर आहेत आणि एक तंतू चुकीचा आहे. समान धर्मांची मोजदाद केली तर पारडे सादृश्याकडे भरपूर झुकलेले आहे. तरीही पाहणाऱ्याचे सादृश्यज्ञान त्या एका तंतूने मोडते. म्हणजे सादृश्य समान धर्मांच्या बेरजेतून तयार होत नसावे. प्राभाकर मीमांसकांनी सादृश्याला द्रव्य, गुण, कर्म यांच्यापासून वेगळा स्वतंत्र पदार्थ मानले. न्यायाने ही भर अनावश्यक ठरवली, आणि तर्काची काटकसर पाहिली तर न्यायाचे म्हणणे पटते. रंगाच्या थराचा अनुभव मात्र प्राभाकरांच्या बाजूने साक्ष देतो: साम्य एकदम भासते किंवा एकदम नाहीसे होते, हप्त्याहप्त्याने नव्हे.

याच वादाचे एक विलक्षण प्रत्यंतर दुसऱ्या महायुद्धात सापडते. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून १:७२ प्रमाणातले लाकडी विमान-नमुने करून घेण्याची मोहीम काढली. उद्दिष्ट सुमारे पाच लाख नमुन्यांचे होते. सैनिकांना आणि टेहळ्यांना शत्रूची आणि आपली विमाने ओळखायला शिकवण्यासाठी ते हवे होते. हे नमुने सरसकट काळे रंगवत. दहा मीटरवरून पाहिलेला असा नमुना ७२० मीटरवरच्या विमानाएवढा दिसतो आणि त्या अंतरावर आकाशापुढे विमान म्हणजे एक काळी आकृतीच असते. इथे रंगाचे सादृश्य मुळात नको होते. न्यायदर्शनात उपमान प्रमाणाचे ठरलेले उदाहरण गवयाचे आहे: गवय गाईसारखा असतो, असे वनवासी माणसाकडून ऐकलेला नागरिक पुढे रानात ते जनावर पाहतो आणि हाच गवय हे त्याला कळते. काळा नमुना पाहून मग आकाशात विमान ओळखणारा टेहळ्या याच वाटेने जातो. मीमांसकांचे उपमान उलट दिशेने चालते; रानात गवय पाहिल्यावर घरची गाय याच्यासारखी आहे, असे स्मृतीतल्या गाईविषयी ज्ञान होते. घरातल्या फडताळावर ठेवलेले मिग-२१ पाहून ज्याला धावपट्टीवर पाहिलेले विमान आठवते, त्याचे ज्ञान या दुसऱ्या प्रकारचे. पहिल्याला आकृती पुरते. दुसऱ्याला रंग लागतो, आणि तो बिनचूक लागतो, कारण आठवणीतले विमान रंगासकट आठवते.

तरीही उपमानाने सगळे उलगडत नाही. चांगल्या रंगवलेल्या प्रतिकृतीपुढे उभा असलेला माणूस ‘हे मिग-२१ सारखे आहे’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘हे मिग-२१ आहे’. त्याला वेड लागलेले नसते. ते हातात मावते हे त्याला दिसत असते. या प्रतीतीला काय म्हणावे? नेमक्या या प्रश्नावर काश्मीरच्या शंकुकाने नाट्याच्या संदर्भात उत्तर दिले होते. त्याचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे मत अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’तून आणि मम्मटामुळे कळते, आणि मराठी रसचर्चेत ते वारंवार येते. रामाची भूमिका करणारा नट पाहताना प्रेक्षकाला होणारे ज्ञान चार परिचित प्रकारांत बसत नाही, असे शंकुक म्हणतो. ते सम्यक ज्ञान नव्हे, कारण समोर खरा राम नाही. ते मिथ्याज्ञान नव्हे, कारण दोरीवरच्या सापासारखे ते पुढे खोटे ठरून मोडत नाही. तो संशय नव्हे, कारण राम की दुसरा कोणी अशी दोलायमानता नसते. आणि ते सादृश्यज्ञानही नव्हे, कारण रामासारखा कोणीतरी असे प्रेक्षकाला वाटत नाही. चित्रातला घोडा पाहताना ‘हा घोडा’ अशी जी प्रतीती होते, तशी ती आहे. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात.

अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी यावर आक्षेप घेतला आणि तो थेट रंगद्रव्यावर घेतला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चित्रात गाय प्रकट होत नाही, असे त्यांचे म्हणणे. शेंदूर वगैरे रंग गाईच्या अवयवांच्या मांडणीसारख्या एका मांडणीत बसवलेले असतात आणि ती मांडणी गाईसारखी भासते, एवढेच. म्हणजे शंकुकाने ज्याला सादृश्याहून वेगळे म्हटले, ते भट्टतौतांच्या मते सादृश्यच. आणि नटाच्या बाबतीत तर तेवढेही नाही.

साहित्यशास्त्राच्या इतिहासात भट्टतौत आणि अभिनवगुप्त यांचा पक्ष वरचढ ठरला. लघुप्रतिकृतीचा पृष्ठभाग मात्र दाखवतो की दोन्ही पक्ष खरे असू शकतात, फक्त वेगवेगळ्या पृष्ठभागांविषयी. ज्या पंखावर रेघा आणि दाणे आहेत त्यावर रंगद्रव्य रंगद्रव्य म्हणून दिसते; डोळा आधी रंग पाहतो, मग त्याची मांडणी, मग ती कशासारखी आहे ते. तिथे भट्टतौतांचे विश्लेषण अक्षरशः लागू आहे. पदर सपाट झाला, कण दृष्टीच्या टप्प्याखाली गेले, की ती पायरीच उरत नाही. डोळ्याला धरायला रंगद्रव्य मिळत नाही, म्हणून तो सरळ विमानावर जातो, आणि शंकुकाची प्रतीती शक्य होते. गुळगुळीतपणाचे प्रयोजन असे सांगता येईल: सादृश्यज्ञानाकडून चित्रतुरगप्रतीतीकडे जाणारी वाट मोकळी करणे. तो स्वतः काहीच दाखवत नाही. विमानाचा एकही गुण त्याने वाढत नाही. आडवे आलेले काढून घेणे एवढेच त्याचे काम.

यावर एक आक्षेप राहतो आणि तो वजनदार आहे. रंगकामातला जाणकार नितळ पंख पाहून आधी रंगच पाहतो. सांध्यावर रेघ नाही, कोपऱ्यात साठ नाही, हे त्याला विमानाआधी दिसते. मग जाणकाराला ही प्रतीती कधीच होत नाही का? चित्रसूत्र म्हणते की आचार्य रेषेची प्रशंसा करतात आणि विचक्षण लोक वर्तनेची. म्हणजे जाणकाराची नजर साधनावर जाते हे तिथे उघड मान्य आहे आणि त्यात उणेपणा मानलेला नाही. एकच माणूस एका क्षणी थर पाहतो आणि दुसऱ्या क्षणी विमान, आणि एका नजरेने दुसरी बाधित होत नाही. थर दिसल्याने विमानाची प्रतीती खोटी ठरली असती, तर शंकुकाचा सिद्धांत पडला असता. तसे होत नाही. ती मोडत नाही, फक्त काही वेळ बाजूला होते, आणि मिथ्याज्ञानाहून ती वेगळी असल्याचे हे आणखी एक लक्षण म्हणता येईल.

गुळगुळीत म्हणजे चकचकीत नव्हे, हेही याच ओघात स्पष्ट होते. मूळ विमानाचा रंग चकाकणारा असला तरी बहुतेक कसबी लोक प्रतिकृतीवर शेवटचा हात अर्धचमकीच्या वार्निशाचा देतात. कारण पूर्ण चकाकणाऱ्या पंखात खोलीतली ट्यूबलाइट उतरते. तीन सेंटीमीटर लांबीचे ते प्रतिबिंब विमानाच्या मापात दोन मीटरांहून लांब होते, आणि धावपट्टीवरच्या विमानावर असा दोन मीटरांचा दिवा कधी नसतो. खोलीचे माप पंखावर येऊन बसते आणि तंतूने जे केले तेच चमक करते. मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून तो फिका करावा, हा सल्लाही असाच प्रमाणाच्या नावाने दिला जातो. दूरची वस्तू हवेमुळे फिकी दिसते, हे त्याचे कारण सांगतात. हे कारण टिकत नाही. तीस सेंटीमीटरवरून पाहिलेली प्रतिकृती म्हणजे साडेएकवीस मीटरवरचे विमान, आणि एवढ्या अंतरात स्वच्छ हवा रंग फिका करत नाही. रंग गडद वाटतो तो घरातला उजेड उन्हाच्या मानाने फार कमी असल्यामुळे. कृती बरोबर, समर्थन चुकीचे, असा हा प्रकार आहे.

उघड्या धातूचे विमान ही सर्वांत कठीण परीक्षा. हवाई दलाची सुरुवातीची मिग-२१ विमाने रंग न दिलेल्या धातूच्या चमकीची होती. १९७१ च्या युद्धकाळात त्यांतल्या अनेकांवर छद्मरंग चढला. धातूची झाक आणण्यासाठी बहुधा आधी चकचकीत काळा हात देऊन तो पूर्ण वाळू देतात, मग अॅल्युमिनियमच्या चपट्या कणांचा अतिशय पातळ हात कमी दाबाने फवारतात. हे कण पृष्ठभागाला समांतर पडले तर प्रकाश एका दिशेने परततो आणि पत्रा दिसतो. खालचा पृष्ठभाग खडबडीत असला तर ते वेडेवाकडे पडतात आणि राखाडी रंग दिसतो. अद्वैत वेदान्त अज्ञानाच्या दोन शक्ती मानते, मूळ वस्तू झाकणारी आवरणशक्ती आणि तिच्या जागी दुसरे काही उभे करणारी विक्षेपशक्ती. काळा थर प्लास्टिकला झाकतो, अॅल्युमिनियमचा थर पत्रा उभा करतो. दोन शक्ती दोन हातांत विभागलेल्या दिसतात. मात्र वेदान्तातला विक्षेप ज्ञानाने निवृत्त होतो आणि इथला होत नाही. खाली काळा रंग आहे हे पक्के माहीत असूनही पत्रा पत्राच दिसतो, म्हणून ही तुलना फार ताणू नये.

नितळ थर तयार झाल्यावर त्यावर पुन्हा डाग, झीज, धूर आणि विटकेपणा आणला जातो. गुळगुळीतपणासाठी एवढा खटाटोप करून मग तोच का बिघडवावा, या शंकेचे उत्तर आता अवघड नाही. काढून टाकला तो प्लास्टिकचा आणि रंगाचा खडबडीतपणा, त्यांच्या स्वतःच्या मापातला. आणला जातो तो विमानाचा, बहात्तराव्या मापातला. अभिनवगुप्ताच्या साधारणीकरणात नाट्यातला प्रसंग विशिष्ट व्यक्ती, देश आणि काळ यांपासून सुटतो आणि म्हणून रसास्वाद शक्य होतो. प्रतिकृतीचा ओढा नेमका उलटा, विशेषाकडे आहे: अमुक क्रमांकाचे, अमुक स्क्वाड्रनचे, अमुक मोसमातले विमान, त्याच्या विशिष्ट डागांसह. प्रतिकृती ही काव्यापेक्षा इतिहासाच्या जवळची वस्तू आहे, असे यावरून मानता येते, आणि रसचर्चेची परिभाषा तिला कुठवर लावावी याची मर्यादाही इथेच पडते.

या सगळ्याची सर्वांत काटेकोर कसोटी लागते ती मूळ वस्तूवरच ब्रशच्या रेघा असतात तेव्हा. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आघाडीवर हिमवर्षाव सुरू झाला की जर्मन रणगाड्यांवर पाण्याने धुऊन निघणारा पांढरा रंग हाताला लागेल त्या ब्रशने फासत. फटकारे स्पष्ट दिसत आणि काही आठवड्यांत तो रंग खरवडून, धुऊन जाऊ लागे. अशा रणगाड्याची १:३५ प्रतिकृती रंगवताना कोणी पांढरा रंग सरळ ब्रशने फासला, तर कृती मूळच्यासारखीच होते, पण दिसते चुकीचे. दहा सेंटीमीटर रुंदीच्या ब्रशचा पट्टा १:३५ मध्ये तीन मिलिमीटरांहून कमी असायला हवा आणि त्यातल्या केसांच्या रेघा डोळ्याला जेमतेम जाणवाव्यात इतक्या बारीक. म्हणून आधी खालचा राखाडी रंग एअरब्रशने नितळ दिला जातो, त्यावर पारदर्शक वार्निश, मग अगदी पातळ केलेला पांढरा रंग बारीक ब्रशच्या टोकाने, उभ्या छोट्या पट्ट्यांत, मधूनमधून ओल्या ब्रशने पुसत. प्रत्येक फटकारा आता चितारलेला असतो, अंगचा नसतो. तो पट्टा तिरक्या उजेडात हाताला लागेल इतका उंच राहिला तर तो पुन्हा रंगवणाऱ्याच्या ब्रशचा होतो; नितळ थरात मुरून केवळ छटेच्या फरकाने दिसला तर सैनिकाच्या ब्रशचा.